फोर बाय फोरचं मॉड्यूल खरंच गेलंय का, हे आधी ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तो असा: काटोलकडे संत्र्याची बाग आहे, डबल कॅब डिझेल पिकअप आहे आणि डॅशबोर्डवरचा गोल स्विच फिरवला की फोर व्हील लागते, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते. गेल्या पावसाळ्यापासून स्विच फिरवल्यावर दिवा नुसता लुकलुकतो, गाडी काही फोर व्हीलमध्ये जात नाही. सकाळी कधीमधी लागते, दुपारी उन्हात लागत नाही आणि वॉशिंग सेंटरवरून धुऊन आणली की एक-दोन दिवस अजिबातच नाही. मेकॅनिकने स्कॅनर (गाडीतल्या दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावून ‘मॉड्यूल गेलं’, म्हणजे फोर व्हील चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा गेला, असं सांगितलं. नवं ३५ हजारांच्या घरात आहे आणि भंगारवाला जुनं ६ हजारांत देतोय. ते जुनं घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं म्हणणं असं की आत्ता दोन्हीपैकी एकही घेऊ नका. नवं की जुनं हा प्रश्न नंतरचा. तुमच्या गाडीतलं मॉड्यूल खराब आहे हे अजून कोणी सिद्धच केलेलं नाही, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं मॉड्यूलपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींकडे जास्त बोट दाखवतात. मी नागपुरात गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो. उमरेड, सावनेरकडच्या कोळसा खाणींवर चालणाऱ्या पिकअप, जंगल भागातल्या गाड्या, बागायतदारांच्या गाड्या असं सगळं माझ्याकडे येतं. ‘मॉड्यूल गेलं’ असा शिक्का घेऊन आलेल्या गाड्यांत खरोखर मॉड्यूल गेलेल्या गाड्या कमी असतात. बाकीच्यांत अर्थिंग (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट), कनेक्टर, मोटार यांपैकी काहीतरी निघतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते. काही गाड्यांत फोर व्हीलचा डबा स्वतंत्र असतो, काहींत ते काम दुसऱ्याच कंट्रोल युनिटमध्ये घातलेलं असतं. जुन्या, हाताने लिव्हर ओढायच्या गाड्यांत मॉड्यूल नसतंच. म्हणून तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर ठेवूनच काम झालं पाहिजे. पिन नंबर, वायरचे रंग, फ्यूजची जागा मी इथून सांगणार नाही. ते अंदाजाने सांगणं म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान करणं. पण तपासणीचा क्रम सगळीकडे जवळपास सारखाच असतो.

आधी हे समजून घ्या की तो डबा करतो काय. तुम्ही स्विच फिरवता तेव्हा फोर व्हील लावत नसता, फक्त मागणी करता. मॉड्यूल जुन्या पेढीवरच्या मुनिमासारखं असतं: मागणी आली तरी हिशेब जुळल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. वेग किती आहे, क्लच दाबलाय का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, व्होल्टेज पुरेसं आहे का, ट्रान्सफर केसची (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) मोटार आत्ता कुठल्या जागी उभी आहे, हे सगळं ते बघतं. सगळं मनासारखं असेल तरच मोटारीला करंट सोडतं. मग मोटार फिरते, आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) सरकतो, मोटारीवरचा पोझिशन सेन्सर ‘पोचलो’ असं कळवतो आणि दिवा स्थिर होतो. यातला एकही निरोप आला नाही तर दिवा लुकलुकत राहतो.

म्हणजे लुकलुकणारा दिवा पुष्कळदा मॉड्यूल जिवंत असल्याचीच खूण असते. मागणी त्याच्यापर्यंत पोचली आहे, ते वाट बघतंय. चावी ऑन केल्यावर फोर व्हीलचे दिवे क्षणभर लागून विझतात का ते बघा. बहुतेक गाड्यांत ही स्वतःची तपासणी असते. दिवे तसे लागत असतील तर डबा पूर्ण मेलेला नाही. लागतच नसतील, तर त्याला सप्लाय मिळत नाही किंवा डॅशबोर्डशी त्याचं बोलणं तुटलंय, असं धरून पुढे जायचं.

आता स्कॅनरचं. तुमच्या मेकॅनिकने नेमका कोणता कोड वाचला, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं तिथेच अडलंय. त्याला विचारा, कोड कागदावर लिहून घ्या. पी ०८३६ असेल तर तो फोर व्हीलच्या स्विचच्या सर्किटचा कोड आहे, मॉड्यूलचा नाही. यू ने सुरू होणारा असेल, उदाहरणार्थ यू ०१०२, तर त्याचा अर्थ एवढाच की बाकीच्या युनिटना ट्रान्सफर केसच्या मॉड्यूलचा आवाज ऐकू येत नाहीये. आवाज का येत नाही, ते हा कोड सांगत नाही. फ्यूज उडाला, अर्थ सुटला, वायर उंदराने कुरतडली, तरी हाच कोड येतो. आणि एक प्रकार मी वारंवार बघतो: स्वस्तातला स्कॅनर फक्त इंजिनशी बोलू शकतो, फोर व्हीलच्या डब्यापर्यंत तो पोचतच नाही. पडद्यावर ‘संपर्क नाही’ येतं आणि माणूस म्हणतो, डबा गेला. अशा वेळी त्या स्कॅनरने दुसरी सारख्याच मॉडेलची, चालू स्थितीतली गाडी वाचून दाखवायला सांगा. तिथेही ‘संपर्क नाही’ आलं तर दोष स्कॅनरच्या मर्यादेचा आहे.

तुमच्या लक्षणांकडे वळतो, कारण त्यात बरीच माहिती दडलेली आहे. गाडी धुतली की बंद, वाळली की थोडी चालू, म्हणजे पाणी कुठेतरी पोचतंय. वॉशिंग सेंटरवर जोरात मारलेलं पाणी खालून थेट ट्रान्सफर केसच्या मोटारीच्या कनेक्टरवर बसतं. वर केबिनमध्ये गालिचा ओला राहिला तर सीटखालचं किंवा पायाजवळच्या पॅनेलमागचं वायरिंग दिवसेंदिवस दमट राहतं. शिवाय तुमची गाडी काळ्या मातीत चालते. ही माती ओली असताना चेसीच्या कोपऱ्याकोपऱ्यात भरते आणि तशीच ओल धरून बसते. कनेक्टरवर असा गाळाचा लेप बसला की पाऊस संपल्यावरही आतल्या पिना सुकत नाहीत.

दुपारी बंद पडण्याचं कारण वेगळं असू शकतं. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी राहिली आणि एखाद्या रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) कॉइल सकाळपेक्षा ४० अंशांनी जास्त तापली, तर तिचा रोध सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे कॉइलमधला करंट आणि त्यासोबत रिले ओढायची ताकद घटते. व्होल्टेज पूर्ण असेल तर याने काही बिघडत नाही. पण अर्थिंग खराब असल्यामुळे आधीच एक-दीड व्होल्ट वाटेत हरवत असतील, तर सकाळी कसाबसा ओढणारा रिले दुपारी ओढत नाही. अर्थात बोर्डावरच्या सोल्डरला बारीक तडा असेल तरी गरम झाल्यावर तो उघडतो आणि असंच होतं. म्हणून उन्हाचं लक्षण मॉड्यूलला पूर्ण निर्दोष ठरवत नाही. पण धुण्याचं लक्षण सोबत असताना मी पहिला हात कनेक्टर आणि अर्थिंगलाच घालतो.

तपासणी बॅटरीपासून सुरू करा. इंजिन बंद, गाडी थोडा वेळ उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. याच्या खाली असेल तर आधी बॅटरी, अल्टरनेटर, बॅटरीचे टर्मिनल नीट करा. व्होल्टेज पडलं की सगळ्यात आधी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा रुसते.

मग फ्यूज. इथे बरेच जण फसतात. पुष्कळ गाड्यांत या डब्याला दोन वेगळे सप्लाय असतात, एक बारीक, त्याच्या स्वतःच्या मेंदूसाठी, आणि एक जाड, मोटार फिरवण्यासाठी. बारीक सप्लाय चालू असेल तर दिवे लुकलुकतात, स्कॅनरला डबा दिसतो, कोडही येतात. पण जाड सप्लायचा फ्यूज उडालेला असेल किंवा त्याची पिन जळून काळी पडली असेल, तर मोटारीला करंट जातच नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, डबा हुकूम देत नाही. म्हणून फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका. बाहेर काढा, दोन्ही पाय बघा, ज्या खाचेत बसतो ती खाच बघा.

आणि आता ज्या चाचणीसाठी मी हे एवढं लिहायला बसलो, ती. मल्टीमीटरने मॉड्यूलच्या सप्लाय वायरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून सप्लाय चांगला आहे, असं समजू नका. वायरचे बाकीचे सगळे तार तुटून एकच तार उरली असेल तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. त्या वायरवर भार टाकून बघायचं. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब होल्डरसकट वापरतो, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. मॉड्यूलचा कनेक्टर काढायचा, डायग्राम बघून सप्लायची पिन आणि अर्थची पिन शोधायची आणि त्या दोघांमध्ये हा बल्ब लावायचा. लख्ख पेटला तर वाट मोकळी आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर दोष वायरिंगचा आहे, आणि तुमचे ३५ हजार वाचले. मोटारीच्या जाड सप्लायवर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा, कारण तिथे करंट जास्त लागतो. सप्लायच्या आणि अर्थच्या पिनांशिवाय दुसऱ्या कुठल्याही पिनेवर बल्ब लावू नका. सिग्नलच्या वायरवर एवढा भार टाकला तर चांगलं असलेलं काहीतरी जळेल.

बल्ब पेटलेला असतानाच मीटरची एक काडी अर्थच्या पिनेवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. रीडिंग ०.१ व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसत असेल तर अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते ती जागा शोधा. रंगाखाली गंज, ढिला बोल्ट, तुटत आलेला लग (वायरच्या टोकाची कडी), यातलं काहीतरी सापडतं. खाणीवर चालणारी एक पिकअप माझ्याकडे आली होती, दोष हुबेहूब तुमच्यासारखा. सीटखालचा गालिचा उचलला तर अर्थचा बोल्ट वरून चकचकीत. सोडून बघितला तेव्हा लगच्या खालच्या बाजूला तपकिरी पापुद्रा धरलेला होता, नखाने सुटेल असा. सॅंडपेपरने घासून लग बदलला, बोल्ट कसला, वर ग्रीस लावलं. गाडी त्याच दुपारी फोर एलमध्ये (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त ताकद) गेली.

कनेक्टर तपासताना घाई नको. आत हिरवट पूड दिसली म्हणजे पाणी शिरून तांबं खाल्लं जातंय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या. पण नुसती सफाई करून थांबू नका, पिनांची पकडही तपासा. त्याच मापाची एक सुटी नर पिन घेऊन प्रत्येक मादी पिनेत हलकेच घालून ओढायची. पकड जाणवली पाहिजे. सैल लागली तर ती पिन बदला. आणि कोणालाही कनेक्टरच्या तोंडातून जाडजूड टेस्टरची काडी खुपसू देऊ नका. त्याने पिन कायमची फाकते आणि नवीनच दोष जन्माला येतो. रीडिंग घ्यायचं तर मागच्या बाजूने, बारीक पिनेने.

बागेतल्या गाडीला आणखी दोन धोके असतात. एक उंदीर. शेडमध्ये उभ्या गाडीच्या चेसीवरचं वायरिंग ते आवडीने कुरतडतात. दुसरा धोका म्हणजे नंतर बसवलेल्या वस्तू. जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, जादाचे फोकस दिवे बसवणाऱ्याने सप्लाय कुठून घेतला ते बघा. जवळ सापडली ती वायर सोलून तिला गुंडाळलेलं आणि वर काळी टेप लावलेली, हे मी नेहमी बघतो. जर कोड यू चा असेल तर असं जोडकाम सगळ्यात आधी सोडवून बघा. कॅन नेटवर्कच्या (गाडीतली युनिट ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायरींमध्ये, बॅटरी सोडवून, स्कॅनरच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाची जोडणी तुटली आहे. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत नेटवर्क एकाहून जास्त असतात, तेव्हा हे रीडिंग डायग्राम बघूनच घ्या.

आता मोटार. गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. दगडांचं मी उगाच सांगत नाही. ट्रान्सफर केस फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि फोर एलच्या मध्ये अडकली तर बहुतेक रचनांमध्ये ती न्यूट्रल होते. मग गाडी गिअरमध्ये टाकलेली असली तरी उतारावर घरंगळते. तुमचा दोष असाच अर्धवट शिफ्ट होण्याचा असू शकतो, म्हणून जोवर हे दुरुस्त होत नाही तोवर गाडी उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर सोडू नका, घरच्यांनाही सांगून ठेवा.

मग एकाने आत बसून स्विच फिरवायचा आणि दुसऱ्याने ट्रान्सफर केसजवळ कान लावायचा. नुसता ‘टक’ आला आणि मोटार फिरली नाही तर हुकूम पोचतोय, मोटार जाम आहे किंवा करंट अपुरा आहे. काहीच आवाज नाही तर मोटारीच्या कनेक्टरवर, हुकूम देत असताना, व्होल्टेज येतंय का ते बघा. हा हुकूम स्कॅनरवरून देता आला तर उत्तम. व्होल्टेज पूर्ण येतंय आणि मोटार हलत नाही, तर मोटार गेली. ती बाहेर काढून फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीवर क्षणभर दोन्ही दिशांना फिरवून बघता येते. पण टोकाला टेकल्यावर दाबून धरायचं नाही, आतले गिअर तुटतात. आणि कोणती वायर मोटारीची, कोणती सेन्सरची, हे डायग्रामवरून पक्कं केल्याशिवाय बॅटरी लावायची नाही, सेन्सर जागेवर जळेल.

ही मोटार जाम होण्याचं कारण सहसा तिचा वापरच न होणं हे असतं. वर्षाचे आठ महिने गाडी टू एचमध्ये (फक्त दोन चाकांवर) काटोल ते नागपूरचा कळमना बाजार करते आणि जुलैत पांदण रस्त्यावर फसली की एकदम फोर एल मागितलं जातं. तोवर शाफ्टच्या सीलमधून पाणी शिरून आत गंज धरलेला असतो. महिन्यातून एकदा मोकळ्या मातीच्या जागेवर फोर एच आणि फोर एल लावून थोडं अंतर गाडी चालवत जा, मोटार मोकळी राहील. डांबरी रस्त्यावर मात्र नको. अशा पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शिअल नसतो. कोरड्या, घट्ट रस्त्यावर पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक निघायला जागा नसल्याने सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर साचतो. मग फोर व्हील सुटतही नाही, आणि लोक त्याचंही खापर मॉड्यूलवर फोडतात. असं अडकलं तर थोडी सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटला की आपोआप सुटते. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे किंवा खूप कमी-जास्त झिजलेले टायर असतील तरी हाच ताण येतो, तेही बघून घ्या.

फोर एल लागत नसेल तर आणखी एक साधी गोष्ट राहते. त्यासाठी गाडी थांबलेली किंवा अगदी सावकाश हवी, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लच पूर्ण दाबलेला हवा. क्लचच्या पेडलवरचा किंवा गिअरबॉक्सवरचा न्यूट्रलचा स्विच खराब असेल तर मॉड्यूल नकार देतं, आणि त्याचा नकार बरोबर असतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये क्लच दाबल्यावर निरोप बदलतो का ते बघा.

एवढं सगळं झालं, आणि मॉड्यूलच्या कनेक्टरवर सप्लाय भारासकट चांगला आहे, अर्थ चांगला आहे, स्विच-क्लच-वेग यांचे निरोप आत पोचताहेत, मोटार थेट बॅटरीवर दोन्ही दिशांना फिरते, मोटारीपर्यंतची वायर अखंड आहे, आणि तरीही हुकूम दिल्यावर मॉड्यूलच्या स्वतःच्या पिनेवरच व्होल्टेज येत नाही, तर मॉड्यूल गेलं. याच्या आधी नाही.

तेव्हासुद्धा लगेच नवीन मागवू नका. डबा उघडून बघा. आत पाण्याची रेघ, पांढरी-हिरवी पूड, रिलेभोवती काळपट डाग, सोल्डरला गोल तडा, हे भिंगातून दिसतं. रिले किंवा सोल्डर एवढंच असेल तर बोर्डावर काम करणारा चांगला कारागीर ते नव्या मॉड्यूलच्या मानाने फारच थोड्या पैशांत करून देतो आणि त्यात एक मोठा फायदा असतो: तुमच्या गाडीचं कोडिंग (डब्यात भरलेली गाडीची माहिती) त्या डब्यात तसंच राहतं. प्रोसेसरखाली पाणी गेलं असेल, पट्ट्या खाल्ल्या गेल्या असतील, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका. ती आज चालेल आणि भर पावसात दगा देईल.

आणि डबा जळलेला निघाला तर तो का जळला, ते शोधल्याशिवाय दुसरा बसवायचा नाही. जाम झालेली मोटार करंट खूप ओढते आणि आतला रिले किंवा ट्रान्झिस्टर तो सोसत नाही. एका ठेकेदाराच्या गाडीला दुसरीकडे नवं मॉड्यूल बसवलं होतं, तेही थोड्याच दिवसांत गेलं, तेव्हा गाडी माझ्याकडे आली. मोटार काढून हाताने शाफ्ट फिरवायचा प्रयत्न केला, हललाच नाही. आत चिखलाचं पाणी जाऊन बेअरिंग गंजलं होतं. त्या माणसाचे एका मोटारीच्या पायी दोन मॉड्यूलचे पैसे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण मोटार सोडवून बघायला फार वेळ लागत नाही.

बदलायचं ठरलंच तर काम असं व्हायला हवं. जुना डबा स्कॅनरशी बोलत असेल तर त्याचं कोडिंग आधी वाचून जतन करून घ्या, डबा काढल्यावर ती संधी गेली. शक्य असेल तर ट्रान्सफर केस टू एचमध्ये आणून ठेवा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगशी संबंधित असतात, त्यांना हात लावू नका. नवा डबा पिशवीतून काढण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा. डब्याची जागा बदलता येत नाही, पण वायरिंगला कनेक्टरच्या खाली थोडा झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी कनेक्टरमध्ये न शिरता खाली गळून जाईल.

बसवल्यावर बहुतेक गाड्यांत काम अर्धंच झालेलं असतं. नव्या डब्याला गाडीचा चेसी नंबर, गिअरबॉक्सचा प्रकार, टायरचं माप, मागच्या ॲक्सलचा रेशो (गिअरचं प्रमाण) सांगावा लागतो आणि मोटारीच्या जागा नव्याने शिकवाव्या लागतात. हे प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला चांगला, स्थिर चार्जर लावलेला असलाच पाहिजे. मध्येच व्होल्टेज पडलं तर कोरा करकरीत डबा कायमचा निकामी होऊ शकतो. ज्याच्याकडे हे करायची सोय नाही, त्याच्याकडून नुसता डबा बसवून घेऊ नका.

यावरून तुमच्या ६ हजारांच्या जुन्या मॉड्यूलचं उत्तर निघतं. जुनं मॉड्यूल वाईटच असतं असं नाही, मीही बसवतो. पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बाहेरून हुबेहूब दिसणारा, कनेक्टरही बसणारा डबा आतून दुसऱ्या गिअरबॉक्सचा किंवा दुसऱ्या रेशोचा असू शकतो. मग गाडी चुकीच्या वेगाचा हिशेब धरते आणि कधी भलत्या वेळी शिफ्ट करायला बघते. दुसरं, तुमच्या मॉडेलमध्ये वापरलेला डबा पुन्हा कोड करता येतो का, हे आधी विचारा, कारण काही डबे एकदा एका चेसी नंबरला बांधले की दुसऱ्या गाडीत स्वीकारलेच जात नाहीत. तिसरं, भंगारवाल्याकडून ‘लावून बघू, नाही चाललं तर परत’ हे बिलावर लिहून घ्या. तो डबा कुठल्या गाडीतून निघाला तेही विचारा. पुराच्या पाण्यातली गाडी असेल तर फुकटातही घेऊ नका. माझा क्रम सांगायचा तर आधी बोर्डची दुरुस्ती, ती शक्य नसेल तर नवं आणि कोडिंग, आणि नंबर पूर्ण जुळत असेल, परत घ्यायची हमी असेल तरच जुनं.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी गाडी मातीच्या मोकळ्या जागेवर न्या. टू एच ते फोर एच, फोर एच ते फोर एल आणि परत, असं काही वेळा करून बघा, इंजिन थंड असताना आणि चांगलं तापल्यावरही. तुमचा दोष उन्हातला आहे, त्यामुळे सकाळच्या गारव्यात ‘झालं’ म्हणून गाडी ताब्यात घेऊ नका, दुपारी बघा. नंतर कोड पुन्हा वाचून घ्या, एकही परत आलेला नसावा.

दरम्यान गाडी टू एचमध्ये स्थिर राहत असेल तर रस्त्यावर चालवायला हरकत नाही. मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत हे उरकून घ्या, पहिल्या सरींनंतर बागेतली माती गाडीला सोडत नाही आणि गॅरेजमध्येही गर्दी होते. मेकॅनिककडे भांडायला जाऊ नका, फक्त एवढं म्हणा, ‘मॉड्यूलच्या पिनेवरचं रीडिंग मला दाखवा, भार टाकून.’ जो काम जाणतो त्याला याचा राग येत नाही.

मला तीन गोष्टी कळवा: पूर्ण कोड, २१ वॅटचा बल्ब मॉड्यूलच्या कनेक्टरवर कसा पेटला, आणि स्विच फिरवताना मोटारीतून आवाज येतो की नाही. सोबत मॉड्यूलवरच्या लेबलचा आणि उघडलेल्या कनेक्टरचा उजेडात काढलेला फोटो जोडा. मग पुढे काय करायचं ते नेमकं सांगता येईल.